संखेड्याचा झोपाळा आला आणि भिंतीचा रंग गेला

टेम्पो आला १४ जुलै २०२४ ला, रविवारी सकाळी पावणेसातला, भर पावसात. बडोद्याहून रात्रभर गाडी हाकून ड्रायव्हर पुण्यात वारज्यात आमच्या बिल्डिंगखाली उभा होता आणि विचारत होता, "बेन, लिफ्टमां जशे?" नाही गेलं. चार मजले जिन्यानं चढवलं. टेम्पो आणि हमाली मिळून १६,००० रुपये. भिंतीच्या रंगाचा हिशेब मी इथूनच धरते, कारण हे सामान आलं नसतं तर रंग काढायची वेळच आली नसती.

सामान म्हणजे स्टँडसकट एक झोपाळा, दोन खुर्च्या आणि दोघांना बसता येईल अशी एक बैठक. सगळं संखेड्याचं. संखेडा हे बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवरचं गाव, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडतं. तिथले खरादी कारागीर सागवान लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) उतरवतात आणि लाखेनं रंगवतात. गडद मरून, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. त्या सोनेरीत सोनं मात्र नसतं. कथलाच्या लेपानं नक्षी काढतात, ती मुळात रुपेरीच असते, वरून लाख चढली की सोनेरी दिसायला लागते. आईबाबांनी हे १९८१ साली बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरासाठी करून घेतलं होतं. ते घर २०२४ मध्ये विकलं. आई भावाकडे राहायला गेली, त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. "तू नेतेस तर ने, नाहीतर देऊन टाकते," एवढाच निरोप होता. आई झोपाळ्याला अजून हिंचकाच म्हणते. तो देऊन टाकणं मला जमणार नव्हतं.

आमचा हॉल बारा बाय सोळा. खिडकी एकच, उत्तरेला. तीन भिंती बिल्डरनं दिल्या तशा पांढरट आणि चौथी लव्हेंडर. २०१६ मध्ये सगळ्यांच्याच घरात एक 'हायलायटर' भिंत असायची, तशी आमच्याकडेही. झोपाळा नेमका त्याच भिंतीपुढे मावत होता. मांडला, चार पावलं मागं गेले, आणि लेकीनं माझ्या मनातलं बोलून दाखवलं, "आई, रिसेप्शनचं स्टेज." फक्त नवरा-नवरी बसायची बाकी होती.

नवऱ्याचं मत तयार होतं : पांढरा मारून टाक, पांढऱ्यावर सगळं जातं. सासूबाईंचं मत : क्रीम. शेजारच्या काकूंचं मत : एका भिंतीला सोनेरी टेक्श्चर, "तुमच्या फर्निचरला मॅचिंग होईल." मी २१ तारखेला दुकानात गेले, शेडकार्ड पंख्यासारखं उघडलं आणि पंधरा मिनिटांत हरले. नुसत्या पांढऱ्याचेच पाच-सहा पट्टे, प्रत्येकावर सात-सात छटा. दुकानात डोक्यावर निळसर ट्यूबलाइट. तिथं मला जो 'साय' वाटला तो रिक्षात बसून पाहिला तर चक्क पिवळा होता. शेडकार्डावरचा दीड इंचाचा तुकडा बघून भिंतीचा रंग ठरवणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा नाही, तांदळाच्या पोत्यावरच्या चित्रावरून परीक्षा आहे.

दरम्यान सोसायटी. आमच्याकडे रंगकामालाही परवानगी लागते. फॉर्म एकच, 'अंतर्गत नूतनीकरण', त्यात आरसीसी कन्सल्टंटची सही वगैरेचे रकाने. त्यावर 'लागू नाही' लिहायचं, हे वॉचमननं सांगितलं म्हणून कळलं. अर्ज दोन प्रतींत, एका प्रतीवर 'मिळाला' असा शिक्का मारून घ्यायचा (हे विसरू नका, मला पुढे कामी आला), कामगारांच्या आधारची झेरॉक्स, ५,००० रुपये परत मिळणारं डिपॉझिट आणि लिफ्ट-कचऱ्याचे ५०० न मिळणारे. कामाची वेळ दहा ते सहा, रविवारी बंद. अर्ज ५ ऑगस्टला दिला. कमिटी भरते दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. ११ ऑगस्टला तिघेच आले म्हणून सभा तहकूब. पुढचा दुसरा रविवार ८ सप्टेंबर, म्हणजे गणपती बसल्याचा दुसरा दिवस, तेव्हा कोण सभेला येतंय! मंजुरी हातात पडली १५ सप्टेंबरला. गणपतीच्या आधी घर रंगवायचं माझं स्वप्न होतं. बाप्पा त्या लव्हेंडर भिंतीसमोरच बसले, झोपाळ्याशेजारी, आणि आलेल्या प्रत्येकानं विचारलं, "अरे वा, डेकोरेशनला झोपाळा आणलात?"

पण हे सहा आठवडे थांबावं लागलं तेच बरं झालं. ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली असती तर मी हॉल पांढरा करून मोकळी झाले असते.

कारण वाट बघत असताना मी नमुन्याचे छोटे डबे आणले. तीन : स्वच्छ पांढरा, क्रीम आणि फिकट राखाडी. थेट लव्हेंडर भिंतीवर फूट-फूटभर पट्टे ओढले. ही पहिली चूक. खालचा जांभळा रंग एका हातात दबत नाही, आणि शेजारी जांभळं असलं की क्रीम आहे त्याहून पिवळं दिसतं. दोन दिवस मी त्या तीन पट्ट्यांकडे बघून चुकीचेच निष्कर्ष काढत होते. मग सुताराकडून दोन बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे तीन तुकडे आणले, १३० रुपयाला एक. त्यावर आधी पांढरा प्रायमर, मग नमुन्याचे दोन हात, कडेला दोन इंच कोरं सोडून. बोर्डाचा फायदा असा की तो उचलून झोपाळ्यामागे धरता येतो, कोपऱ्यात ठेवता येतो, खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवता येतो. मी सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री नऊला फोटो न काढता नुसतं बघायचं ठरवलं. फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनानं 'सुधारतो', त्यामुळे फोटो पाठवून बहिणीचं मत घेण्यात काही अर्थ नसतो. (तरी घेतलंच. तिला तिन्ही बोर्ड सारखे वाटले.)

आणि मग एक गोष्ट दिसली जी मला आधी खोटीच वाटली. पांढरा बोर्ड एकटा ठेवला की पांढरा, पण झोपाळ्याच्या मरून पाठीमागे ठेवला की हिरवट. आजारी हिरवट, दवाखान्यासारखा. राखाडी तर सरळ शेवाळी. मला वाटलं डब्यात गडबड आहे. मग बोर्ड स्वयंपाकघरात नेला, तर पुन्हा पांढरा शुभ्र. तीन वेळा ये-जा केली. नवरा म्हणाला, डोळे तपासून घे.

उत्तर सातवीतल्या लेकीनं दिलं. त्यांच्या बाईंनी वर्गात करून दाखवलं होतं म्हणे : लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून बघायचं आणि नजर कोऱ्या कागदावर न्यायची, तिथं हिरवट निळा चौकोन तरंगतो. आम्ही तिघांनी खुर्चीच्या मरून पाठीकडे बघून केलं. तरंगला. म्हणजे डोळा लालला थकतो आणि शेजारच्या रंगात लालच्या विरुद्धचा रंग स्वतःच मिसळतो. मग मी वाचत बसले. पॅरिसच्या गोबेलिन विणकाम-कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईखात्याचा प्रमुख होता. काळा धागा नीट काळा दिसत नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं तपासलं तर दोष रंगात नव्हता, शेजारी विणलेल्या धाग्यांत होता. १८३९ मध्ये त्यानं यावर पुस्तकच काढलं. एवढ्या जुन्या गोष्टीसाठी मी दुकानदाराशी भांडायला निघाले होते.

क्रीम बोर्डाची कथा वेगळी. त्यातला पिवळा हा हिरवटपणा मारून टाकत होता, त्यामुळे दिवसा तो तिघांत बरा दिसायचा. सासूबाई खूश. पण रात्री झोपाळ्याशेजारचा पिवळा दिवा लावला की क्रीम हळदीच्या दुधासारखं व्हायचं आणि वेलबुट्टीचं सोनं त्यात विरघळून जायचं. सोनेरीला उठून दिसायला मागे सोनेरीच रंग असून कसं चालेल? काकूंचं सोनेरी टेक्श्चर त्या रात्री कायमचं बाद झालं.

इथं दिव्यांचं सांगायला हवं, कारण रंगापेक्षा जास्त घोळ त्यांनी घातला. आमच्या हॉलमध्ये दोन ट्यूब होत्या ६५०० केल्विनच्या आणि एक दिवा ३००० चा. खोक्यावर हा आकडा छापलेला असतो : आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. ६५०० च्या उजेडात लाखेचा मरून काळपट, वाळलेल्या कुंकवासारखा दिसायचा. शेवटी दोन्ही ट्यूब काढून ४००० च्या लावल्या, ७६० रुपये. ज्यांना रंग निवडायचाय त्यांना माझं सांगणं, आधी दिवे बदला, मग बोर्ड रंगवा. मी उलटं केलं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून बघावे लागले.

सप्टेंबरच्या मध्यात मंजुरी आली आणि पितृपक्ष लागला. पेंटरमामा (मूळचे लातूरकडचे, पुण्यात वीस वर्षं) म्हणाले, "ताई, मी आत्ताच रिकामा आहे. घट बसले की दिवाळीपर्यंत मला श्वास घ्यायला सवड नाही." सासूबाई म्हणाल्या, पितृपक्षात नवं काही करायचं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. तोडगा मामांनीच काढला. "आजी, आत्ता फक्त डागडुजी करतो. पुट्टी म्हणजे जुनंच नीट करायचं, नवं थोडीच? रंगाचा पहिला हात घटस्थापनेला." सासूबाईंनी यावर एक रात्र विचार केला आणि सकाळी चहाबरोबर मान्यता दिली.

भाव ठरला मजुरीचा, सामान आम्ही आणायचं. भिंती दरवाजा-खिडकी वजा जाता ४४० चौरस फूट, १५ रुपयांनी ६,६००. छत १९२ चौरस फूट, ९ रुपयांनी १,७२८. मोजमाप मी टेप घेऊन मामांबरोबर केलं. त्याआधी एका कंत्राटदारानं दारातूनच बघून '७०० तरी होईल' म्हटलं होतं, त्यामुळे सांगते, टेप घ्याच.

१९ सप्टेंबरला काम सुरू. संखेड्याच्या लाखेला घासकाम आणि रसायन दोन्हीची भीती. स्पिरिट लागलं तर लाख विरघळते, त्यामुळे मामांना आधीच सांगितलं की फर्निचरला लागलेलं काहीही पुसायचं नाही, मला हाक मारायची. सामान खोलीच्या मध्यात ओढलं, आधी जुन्या सुती साड्या गुंडाळल्या आणि वरून प्लॅस्टिक. एवढं करूनही पुट्टी घासल्याची धूळ झोपाळ्याच्या खांबांवरच्या कड्या-कड्यांत बसली. लेथवर उतरवलेल्या प्रत्येक खांबाला एकवीस कडी आहेत. मोजलीत, कारण प्रत्येकातून कोरड्या मऊ ब्रशनं ती पांढरी भुकटी मीच काढली, दोन संध्याकाळी.

खिडकीखाली ओल निघाली. मामांनी त्या जागेवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून ठेवला, दुसऱ्या दिवशी आतून थेंब. म्हणजे भिंत अजून पाणी सोडतेय. बाहेरून बारीक चीर आहे आणि बाहेरची भिंत सोसायटीची. त्याचा वेगळा अर्ज दिला, तो हे लिहीपर्यंत 'विचाराधीन' आहे. आतून खरवडून ओलरोधक लेप दिला, सामान ६५० आणि मजुरी ८००. आठ दिवस उघडं ठेवलं, पंखा लावून. २८ तारखेला प्लॅस्टिक आतून कोरडं निघालं तेव्हाच मामांनी त्यावर पुट्टी घातली.

रंग अजून ठरलेला नव्हता. मी हिरवटपणाशी भांडत होते ना! पांढऱ्यात जरा पिवळा, जरा गुलाबी, असं करत दुकानाच्या चकरा चालू होत्या. २९ सप्टेंबरच्या रविवारी दुपारी खुर्ची पुसताना पाठीवरच्या वेलीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. लहानपणापासून मी तिला मरून-सोनेरीच समजत आले. पण प्रत्येक सोनेरी पानाच्या देठाशी एक हिरवी रेघ आहे, ब्रशच्या एका फटकाऱ्याएवढी, जेमतेम अर्धा सेंटीमीटर. चाळीस वर्षांत ती मुरून करडी-हिरवी झालीय, वाळलेल्या तमालपत्राच्या मागच्या बाजूसारखी. करणाऱ्याला १९८१ मध्येच माहीत होतं की मरूनशेजारी काय लागतं. डोळा भिंतीत हिरवं मिसळणारच असेल तर ते चोरून का मिसळू द्यायचं, आपणच द्यावं की.

त्याच संध्याकाळी दुकान गाठलं आणि दोन हिरव्यांचे नमुने आणले. एकूण पाच डब्यांचे १,०५० झाले. पहिला हिरवा शेडकार्डावर गोड होता, बोर्डावर मात्र जुन्या सरकारी कचेरीच्या कमरेएवढ्या ऑइलपेंटची आठवण देत होता. मरूनही त्याच्यापुढे ओरडायला लागला. विरुद्ध रंग दोन्ही चढे असले की कोणीच कोणाला बोलू देत नाही. दुसरा त्याच घरातला, पण राख मिसळल्यासारखा, बराच फिका. झोपाळ्यामागे ठेवला आणि मरून पहिल्यांदा खाली बसला. सोनेरी पुढे आलं. रात्री ३००० च्या दिव्यात बोर्ड जवळजवळ मोतिया दिसत होता. काही कंपन्या शेडच्या मागे एलआरव्ही छापतात, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा शंभरातला आकडा. याचा साठच्या वर होता. उत्तरेच्या एकुलत्या खिडकीला त्याहून गडद परवडलं नसतं. शेडचा नंबर मी मुद्दाम देत नाही. तुमच्या खिडकीशेजारी आणि तुमच्या सोफ्याशेजारी तो वेगळाच रंग असेल.

३ ऑक्टोबर, घटस्थापना. सासूबाईंचे घट बसले, मग अकराला पहिला हात. मॅट घेतला, कारण चमकदार रंगात लाखेची झळाळी दुप्पट होऊन डोळ्यांत जाते. एक लिटर दोन हातांना साधारण १२० ते १४० चौरस फूट जातो या हिशेबानं ४ लिटरचा डबा आणला होता. ५ तारखेला दुसऱ्या हातात रंग कमी पडला. खिडकीखालची ती पुट्टी जास्त प्यायली. मी धावत एक लिटर बनवून आणला, नंबर तोच, दुकान तेच, मशीन तेच. मामांनी कोपऱ्यापासून पुढे मारला आणि वाळल्यावर दिसलं, जुना-नवा सांधा उभी रेघ होऊन भिंतीच्या मधोमध. अगदी थोडा फरक, पण एकदा दिसला की दिसतच राहतो. मामा शांत. जुन्या डब्यातला उरलेला पाव लिटर नव्यात ओतून ढवळला आणि ती अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा मारली. सुरुवातीलाच पाच लिटर आणून मोठ्या बादलीत एकत्र केला असता तर एक दिवस वाचला असता. रविवारी काम बंद, म्हणून ७ तारखेच्या सोमवारी दुपारी संपलं.

खर्च टेम्पो सोडून १९ हजारांच्या थोडा वर गेला. त्यात पुट्टी, प्रायमर, छताचा पांढरा, भिंतीचा रंग आणि रोलर-चिकटपट्टीसारखं किरकोळ मिळून ६,८४० सामानाचे, बाकी वर आलंच आहे. डिपॉझिट यात धरलेलं नाही.

दिवाळीला आई आली. दारात चप्पल काढून सरळ हिंचक्यावर जाऊन बसली, पायानं एक झोका घेतला, आणि भावाच्या घरातल्या मॉड्युलर किचनबद्दल बोलायला लागली. भिंतीबद्दल अवाक्षर नाही. मीच न राहवून विचारलं, "रंग कसा वाटला?" तिनं मागे वळून बघितलं. "का, नवा दिलास?"

डिपॉझिट ९ नोव्हेंबरला परत आलं, तेही शिक्क्याची प्रत दाखवल्यावर, कारण ऑफिसात आमची नोंदच सापडेना. ४,८०० मिळाले. लिफ्टच्या दाराला रंगाचा डाग लागला म्हणून २०० कापले. मी तावातावानं सांगितलं की डाग पांढरा आहे आणि आमचा रंग हिरवा आहे, हवं तर वर येऊन बघा. सेक्रेटरी आलेही. हॉलमध्ये उभे राहिले, भिंती बघितल्या, मान हलवली. मग त्यांनी वर छताकडे बघितलं.